नांव बदललेलें चित्र

युरोपीय कलेचा इतिहास वाचूं लागलेला विद्यार्थी बहुधा नांवांच्या आणि सनावळींच्या अरण्यांत शिरतो. चित्रकार कोण, शैली कोणती, एवढें पाठ झालें कीं अभ्यास संपला, अशी त्याची समजूत होते. परंतु जुन्या काळचें चित्र हें बहुधा कोणाच्या तरी पैशानें, कोणत्या तरी भिंतीसाठीं आणि कोणाच्या तरी धाकाखालीं काढलेलें असे. तो पैसा, ती भिंत आणि तो धाक यांची ओळख झाल्यावांचून चित्राचा अर्धा अर्थ मुकाच राहतो. व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयांतील एक प्रचंड चित्र याची साक्ष देईल.

पावलो व्हेरोनेझे या चित्रकारानें तें १५७३ सालीं पुरें केलें. त्याची रुंदी सुमारें १३ मीटर आणि उंची साडेपांच मीटरांच्या आसपास आहे. तीन भव्य कमानी, मधल्या कमानींत भोजनास बसलेला येशू ख्रिस्त, आणि भोंवतीं व्हेनिसच्या श्रीमंतांचा सारा थाट! रेशमी वस्त्रें ल्यालेले पाहुणे, मनगटावर पोपट घेतलेला ठेंगू विदूषक, नाकांतून रक्त वाहणारा नोकर, जर्मन वेषाचे शस्त्रधारी शिपाई, आणि अगदीं समोर एक कुत्रा. पुस्तकांतील तळहाताएवढी प्रतिकृति पाहणाऱ्याला हा केवळ मौजेचा देखावा वाटेल.

पण मुळांत हें चित्र ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाचें होतें. सांती जोव्हान्नी ए पावलो या डोमिनिकन मठाच्या भोजनगृहांत याच विषयावरील तिशियनचें चित्र होतें. १५७१ च्या आगींत तें जळालें आणि त्या रिकाम्या भिंतीचें काम व्हेरोनेझेकडे आलें. संन्याशांनीं आपला रोजचा घांस त्या पवित्र भोजनाच्या सान्निध्यांत घ्यावा, या हेतूनें इटलीच्या मठांतून असलीं चित्रें लावण्याची प्रथाच होती. अशा भिंतीवर विदूषक आणि कुत्रा कां? हा प्रश्न त्या काळींही विचारला गेला, आणि तोही न्यायासनावरून!

१८ जुलै १५७३ रोजीं व्हेरोनेझेला इन्क्विझिशनपुढें उभें राहावें लागलें. हें नांव गोव्याच्या इतिहासामुळें मराठी माणसाला परिचित आहे. तेथें पोर्तुगीज राजवटींत हें धर्मन्यायालय १५६० मध्यें स्थापन झालें. व्हेनिसचें न्यायालय मात्र रोमच्या अखत्यारींतलें होतें, आणि त्यांत प्रजासत्ताकानें आपले सरदारही बसविले होते. ल्यूथरनें १५१७ मध्यें पुकारलेल्या बंडानें रोमचें धर्मपीठ हादरलें होतें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें असा निर्णय दिला होता कीं, पवित्र चित्रांत कांहींही ऐहिक वा अशोभनीय असूं नये. जर्मनींत चर्चची विटंबना करणारीं चित्रें निघत असतां, प्रभूच्या भोजनांत जर्मन शिपाई कां घुसविले, हा प्रश्न म्हणूनच साधा नव्हता. त्यामागें पाखंडाचा संशय होता.

या जबानीची नोंद आजही उपलब्ध आहे. चित्रकारानें सांगितलें कीं, कवि आणि वेडे जी मोकळीक घेतात तीच चित्रकारही घेतात. यजमान धनिक होता असें ऐकलें होतें, म्हणून त्याच्या दारीं शिपाई दाखविले. आणि चित्रांत जागा उरली, ती आकृतींनीं भरली. कुत्र्याच्या जागीं मॅग्डालीन काढण्याची सूचना त्याला आधींच मिळाली होती, पण ती तेथें शोभेल असें त्याला वाटलें नव्हतें. मायकेल अँजेलोनें तर रोममध्यें देवादिकांना नग्न रंगविलें, असाही दाखला त्यानें दिला. त्यावर उत्तर मिळालें कीं, अंतिम न्यायाच्या दिवशीं वस्त्रें असतील असें कोणी मानीत नाहीं, आणि त्या चित्रांत विदूषक व कुत्रे नाहींत!

तीन महिन्यांच्या आंत, स्वखर्चानें चित्र सुधारावें, असा हुकूम झाला. व्हेरोनेझेनें विदूषक पुसला नाहीं, कुत्राही हलविला नाहीं. चित्रावर एक लेख घातला गेला. त्यांत लेवीच्या मेजवानीचा आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायाचा निर्देश आहे. त्या अध्यायांत लेवी नांवाचा जकातदार ख्रिस्ताला मोठी मेजवानी देतो आणि प्रभु पापी लोकांच्या पंक्तीला बसला म्हणून धर्मनिष्ठ कुरकुरतात. आतां तीच गर्दी कथेला साजेशी झाली. केवळ नांव बदललें आणि चित्र वांचलें.

हा प्रसंग ठाऊक नसेल, तर ‘लेवीच्या घरची मेजवानी’ हें शीर्षक वाचून विद्यार्थी पान उलटील. ठाऊक असेल, तर त्या शीर्षकांतच त्याला एका युगाचा धर्मकलह, एका नगरराज्याचा मुत्सद्दीपणा आणि एका कारागिराचा धीर वाचतां येईल. मात्र इतिहास चित्राची जागा घेऊं शकत नाहीं. जबानी वाचून झाल्यावर पुन्हां चित्राकडेच वळावें लागतें. त्या विशाल कमानींखालीं ख्रिस्ताची आकृति शांतपणें मध्यभागीं बसलेली आहे, आणि भोंवतालचा गोंगाट तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. न्यायाधीशांनीं कुत्रा, शिपाई आणि विदूषक मोजले. ही शांतता पाहण्याचें काम पाहणाऱ्यावर सोंपविलेलें आहे.