दंडाची वही

सुपात काही निवडत असाल तर हातचं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा. मीही धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातलीच, बचत गटाची सचिव. आज माझीच एक चूक सांगते.

आमच्या गटात बैठकीला गैरहजर राहिलं की 10 रुपये दंड. आमच्यातली एक बाई ओळीनं तीन बैठका आली नाही. तिन्ही वेळा मी वहीत तिच्या नावापुढं दंड लिहिला. तिच्या दारात डोकावायचं मात्र सुचलं नाही. कापूस वेचायच्या दिवसांत वेळ कोणाला, असं मनाला समजावलं. गावात कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे नखरे.

चौथ्यांदा गेले. ती खाटेच्या कडेला बसून होती, कितीतरी दिवसांत वेणी घातलेली नाही. दंडाचं नाव काढलं नाही. घरात तूर पडली होती, ती घेऊन निवडत बसले. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "झोपच नाई वं बाई. रातभर इचारच इचार." मी तिला उपदेश केला नाही. खरं सांगते, सुचलाच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशातही या उदासीला 'फार विचार करणं' अशाच अर्थाचा शब्द आहे. तिथं हरारे शहरात 2006 साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 14 आज्यांना शिकवून तयार केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकडं. त्यावर आजी बसणार, ऐकणार, अडचणींच्या गुंत्यातली एक आधी सोडवायला मदत करणार. सुरुवातीला नाव होतं मानसिक आरोग्याचं बाकडं. कोणी बसेना! आज्याच म्हणाल्या, याला मैत्रीचं बाकडं म्हणा. मग माणसं येऊ लागली.

इतक्या लांब तरी कशाला जा? आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'संगाथ' संस्थेनं 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालवला. गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलत, समुपदेशक भेटत, गरज पडली तर मानसोपचार डॉक्टर. आधी नैराश्य असलेल्या 100 जणांतले जेमतेम 4 उपचार घ्यायला जात. दीड वर्षानं 27 जाऊ लागले. हा अभ्यास 2017 साली छापून आला. 73 राहिलेच, हेही खरं. पण डॉक्टरपर्यंतची वाट माणसानं माणसासोबत चालली, एवढं त्यातून मला कळतं.

नुसत्या बोलण्यानं सगळं बरं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या बाईला गोळ्या लागल्या. ती एकदा एकटीच दवाखान्याच्या फाटकातून परत आली होती. दुसऱ्यांदा आम्ही दोघी एसटीनं गेलो. रांगेत तिनं माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला होता. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. "काई फरक नाई" म्हणून ती मधेच सोडणार होती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत, हे मला दर आठवड्याला सांगावं लागलं.

आणखी एक. जगणं नकोसं वाटतं का, हे मी तिला सरळ विचारलं. विचारल्यानं तसं मनात भरत नाही, उलट बोलायला जागा होते. ती "हो" म्हणाली. त्या रात्री तिला एकटी ठेवलं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवलं आणि 14416 वर फोन लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलतात. नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

ती बैठकीला परत आली त्या दिवशी मी तिचे 30 रुपये खोडायला निघाले. तिनं खोडू दिले नाहीत. "नियम म्हंजे नियम, भरतो मी." भरलेही. आता ती वही तिच्याकडं असते. कोणी आली नाही, तर ती आधी त्या बाईच्या घरी जाऊन येते. दंड मग लिहिते, कधी लिहीतही नाही.