माल पाहून गाडी घ्यावी



शेतमाल बाजारांत नेणें, दुकानास माल पुरविणें किंवा भाड्यानें वाहतूक करणें, यांसाठीं एखादी पिकअप घ्यावी असा विचार आज खेडोपाडीं अनेक कुटुंबांत चालू असतो. ही गाडी बहुधा कर्ज काढूनच येते. निवड चुकली तर गाडी दारांत उभी राहते आणि हप्ता मात्र दरमहा द्यावाच लागतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं कोणते हिशेब करावेत, तेवढेंच आज सांगण्याचें योजिलें आहे.

पहिला हिशेब वजनाचा. गाडीच्या कागदांत दोन आंकडे असतात: रिकाम्या गाडीचें वजन आणि भरलेल्या गाडीचें कमाल वजन. या दोहोंची वजाबाकी म्हणजे गाडीची भारक्षमता. चालक, सोबती आणि मागाहून बसविलेली लोखंडी चौकट, हें सर्व या वजाबाकींतूनच भागवावें लागतें. २००५ सालीं निघालेली 'टाटा एस', जिला आपले लोक 'छोटा हत्ती' म्हणतात, तिच्या मूळ प्रतीची क्षमता पाऊण टनाची होती. सिमेंटचीं १५ पोतीं झालीं कीं तेवढें वजन भरलेंच. टोमॅटोचे ६० कॅरेट न्यावयाचे असतील तर, कॅरेटमागें २० किलो धरले तरी, १,२०० किलो होतात. अशा शेतकऱ्यानें सव्वा ते दीड टनाचीच गाडी पाहावी.

दुसरा हिशेब जागेचा. पालेभाजी, कोंबड्यांचे पिंजरे, रिकामीं पिंपें असा माल वजन भरण्याआधीं हौदा भरून टाकतो. त्याला लांब हौदा हवा. फार बळकट पाट्यांवर पैसा घालण्याचें कारण नाहीं. विटा किंवा वाळू यांचें नेमकें उलट आहे. तेथें हौदा आंखूड चालेल, पण पाटे व टायर दणकट पाहिजेत.

तिसरा हिशेब रस्त्याचा. घाटांत उंच रचलेला भार वळणावर गाडी कलंडवितो. मागील आंसाच्या पलीकडे वजन गेलें कीं पुढचीं चाकें हलकीं पडून स्टिअरिंग ऐकेनासें होतें. क्षमतेबाहेर भरलेल्या गाडीचे ब्रेक उतारावर तापतात आणि ऐन वेळीं दगा देतात. एक खेप वांचविण्याचा मोह येथें प्राणावर बेततो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यांत जादा भारासाठीं २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागें २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हौद्यांत मजूर किंवा वऱ्हाडी तर कधींच बसवूं नयेत. तेथें धरावयास आधार नसतो, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाईही वादांत सांपडते.

चौथा हिशेब इंधनाचा. लांबच्या व चढणीच्या वाटेस डिझेल सोयीचें पडतें. सीएनजी स्वस्त पडला तरी त्याचा पंप आपल्या नित्याच्या वाटेवर आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. टाक्यांचें वजनही धरावें. शहरांत रोज ठराविक फेरी करून रात्रीं एकाच जागीं परतणाऱ्यास विजेची गाडी सोयीची.

कागदपत्रांचेंही भान ठेवावें. भरलेलें एकूण वजन ३,००० किलोंहून अधिक नसेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाहीं, त्यापुढें लागतो.

शेवटीं एक सोपी युक्ति. गाडी घेण्यापूर्वीं एक हंगामभर वही ठेवावी: कोणत्या दिवशीं किती किलो माल, कोठवर, आणि परतीस काय मिळालें. महिन्यांत चार-पांचच खेपा निघत असतील तर भाड्याची गाडीच परवडते. रोजची खेप असेल आणि परतीचाही माल मिळत असेल, तर गाडी आपला हप्ता आपणच फेडील. वहीनें दिलेलें हें उत्तर विक्रेत्याच्या शब्दापेक्षां अधिक भरंवशाचें असतें.