रंगाखालची रेघ

बोळिंजसारख्या वसईच्या गांवीं सिमेंट येण्यापूर्वीं घराची भिंत लिंपण्याची एक ठराविक रीत असे. चाळलेली माती, शेण, भाताचें तूस आणि बारीक कापलेलें गवत एकत्र तुडवून तो चिखल मुरत ठेवावयाचा. प्रथम त्याचा जाड थर द्यावयाचा, तो वाळला कीं बारीक मातीचा दुसरा थर चढवावयाचा, आणि अखेरीस चुन्याचा हात फिरवावयाचा. तूस कशासाठीं, असें विचारल्यास घरांतील वृद्ध स्त्री एवढेंच सांगे, कीं त्यावांचून माती तडकते. हें ज्ञान कोणत्याही ग्रंथांतून आलेलें नव्हतें. परंतु अजिंठ्याच्या भिंतींचे कण सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून रसायनज्ञांनीं जे निष्कर्ष काढले, ते वाचतांना त्या वृद्धेची आठवण व्हावी, इतकें दोहोंत साम्य आहे.

अजिंठ्याचा डोंगर काळ्या कातळाचा. लेण्यांतील भिंती कारागिरांनीं टांकीनें खडबडीत ठेविल्या, कारण गुळगुळीत कातळ माती धरीत नाहीं. त्यावर माती, वाळू, तूस, गवत व वनस्पतींचे तंतु यांचा गिलावा आहे. त्यावर अधिक बारीक थर आहे. आणि सर्वांवर अंड्याच्या कवचाप्रमाणें पातळ असा पांढरा लेप आहे. हीच चित्रकाराची पाटी. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या-पहिल्या शतकांतील नवव्या व दहाव्या लेण्यांतील जुनीं चित्रें, आणि पांचव्या शतकांत वाकाटकांच्या अमदानींत रंगविलेलीं पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील चित्रें, यांमध्यें पांचशे वर्षांहून अधिक अंतर आहे. तथापि मातीची भिंत, पांढरा लेप आणि त्यावर रंग, हा मूळ क्रम बदललेला नाहीं.

त्या पांढऱ्या लेपावर चित्रकार सर्वांत आधीं काय करीत असे? तो गेरूनें रेघ ओढीत असे. बाई हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीनें १९०९ ते १९११ या दोन हिंवाळ्यांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार इत्यादि तरुण चित्रकारांच्या साहाय्यानें अजिंठ्याच्या नकला केल्या. त्यांनीं हा क्रम नेमका टिपून ठेविला आहे: प्रथम तांबडी ठाम रेघ, मग कित्येक ठिकाणीं हिरव्या मातीचा पातळ हात, ज्यांतून खालची तांबडी रेघ थोडी दिसत राही, मग ज्या त्या वस्तूचा रंग, आणि शेवटीं तपकिरी वा काळ्या रंगानें पुन्हा रेघ. म्हणजे एका आकृतीला दोन रेघा असतात, एक आरंभींची व एक अखेरची. जेथें रंगाचा पापुद्रा गळून पडला आहे, तेथें आरंभींची रेघ उघडी पडते. पाहुण्यांना अशी जागा नासलेली वाटते आणि ते पुढें जातात. अभ्यासक मात्र तेथेंच थांबतो. दोन रेघा जेथें एकमेकींशीं जुळत नाहींत, तेथें चित्रकाराचा विचार बदलला, हात किंवा मान त्यानें थोडी हलविली, हें पंधराशे वर्षांनंतरही उघड दिसतें.

युरोपांत अशा खालच्या रेखाटनाचा शोध घेण्यासाठीं यंत्राचा उपयोग होतो. नेदरलँड्समधील व्हान आस्पेरेन दे बूर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही पद्धति सिद्ध केली. डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळशा रंगांतून आरपार जातात, परंतु काजळी व कोळसा त्यांना शोषून घेतात. त्यामुळें पांढऱ्या लेपावर कोळशानें काढलेली रेघ वरच्या रंगाखालूनही काळी उमटते. अजिंठ्यास ही युक्ति नेऊन ठेवली तर? येथें गंमत अशी, कीं गेरूची रेघ त्या किरणांना जवळजवळ अडवीतच नाहीं. यंत्रास ती दिसावी कशी? जें यंत्र पाश्चात्त्य चित्रकाराचें गुपित फोडतें, तें अजिंठ्याच्या चित्रकारापुढें बव्हंशीं मुकाट राहतें. येथें अजून उपयोगी पडतो तो डोळा, भिंग, आणि तिरकस धरलेला दिवा.

रंगांची गोष्ट निराळी. तांबडा व पिवळा हे गेरू आणि पिवळी माती यांचे, काळा काजळीचा, पांढरा चुना व शाडूसारख्या पांढऱ्या मातीचा, हिरवा ज्या मातीचा, ती दख्खनच्या कातळांतील पोकळ्यांमध्येंच सांपडते. हें सर्व आसपासचें. एकच रंग परका आहे, तो निळा. हा राजवर्त, ज्याला लाजवर्द म्हणतात, अफगाणिस्तानांतील बडखशानच्या खाणींतला. तो पांचव्या शतकांतील लेण्यांत आढळतो. एका लहानशा नीळकमळासाठीं किंवा मुकुटांतील एका मण्यासाठीं तो दगड शेंकडों कोस प्रवास करून आला. बोळिंजच्या शेजारचें सोपारें हें ग्रीक नाविकांच्या प्रवासवर्णनांत नांव असलेलें बंदर होतें आणि तेथें बौद्ध स्तूपही होता, हें पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८२ च्या उत्खननानें सिद्ध झालें. तेव्हां दूरदेशीचा माल या किनाऱ्यास अपरिचित नव्हता.

आतां मुख्य वादाकडे. ह्या चित्रांना इंग्रजींत सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणतात. बाई हेरिंगहॅम यांच्या नकलांचें जें पुस्तक १९१५ मध्यें निघालें, त्याच्या नांवांतही तोच शब्द आहे. वास्तविक ह्याच बाईंनीं इटालियन चित्रकार चेन्निनी याच्या सुमारें १४०० सालच्या हस्तपुस्तकाचें इंग्रजी भाषांतर १८९९ मध्यें केलें होतें. खरी फ्रेस्को पद्धति अशी, कीं ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यांत कालविलेला रंग लावावा, आणि चुना वाळून दगडासारखा होतांना रंग त्यांत अडकून जावा. तेथें डिंक लागत नाहीं, सरस लागत नाहीं. मद्रासच्या संग्रहालयांतील रसायनज्ञ एस. परमशिवन् यांनीं १९३० नंतरच्या दशकांत तंजावर, अजिंठा इत्यादि ठिकाणच्या चित्रांचे नमुने तपासले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरांतील चोलकालीन चित्रें खऱ्या फ्रेस्कोचीं ठरलीं. अजिंठ्याचीं मात्र नव्हेत. तेथें रंग वाळलेल्या भिंतीवर सरसानें चिकटविलेला होता.

हा केवळ शब्दाचा वाद नाहीं. चुन्यांत अडकलेला रंग पाण्यानें पुसला तरी टिकेल. सरसानें धरलेला रंग ओल्या बोळ्याबरोबर निघून येईल. भिंत काय आहे हें न जाणतां ती स्वच्छ करणें म्हणजे ती पुसून टाकणें होय. भिंतीखेरीज दुसरा आधारही फारसा राहिलेला नाहीं. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकला १८६६ च्या डिसेंबरांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत केलेल्या नकलांपैकीं पुष्कळशा लंडनमध्येंच १८८५ च्या आगींत गेल्या. मूळ चित्रांवरही मागल्या काळीं लाखेचें व्हार्निश चढविलें गेलें. हेतु चांगला होता, रंग उजळ दिसावा व पापुद्रे पडूं नयेत हा. निजामसरकारनें बोलाविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन कारागिरांनीं १९२० ते १९२२ मध्यें सुटलेला गिलावा पुन्हा जागीं बसविला, आणि पुष्कळ भाग त्यामुळेंच आज शिल्लक आहे. परंतु लाख कालांतरानें पिवळी व तपकिरी पडते आणि आखडतांना आपल्याबरोबर रंगही उचलते. तें व्हार्निश सरसाला न दुखवितां उतरविण्याचें काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना इंच-इंच जागा घेऊन करावें लागलें. कोणता द्रव लाख विरघळवील आणि सरस विरघळविणार नाहीं, हें आधीं ठाऊक असल्याविना बोळा उचलतां येत नाहीं.

नमुना घेणें हेंही एक नुकसानच आहे. मोहरीएवढा कण चित्रांतून काढला, कीं तो चित्रांत परत जात नाहीं. म्हणून तो भेगेच्या कडेचा घेतात, राळेंत बसवून आडवा घासतात, आणि मग भिंगाखालीं केकाच्या कापाप्रमाणें सर्व थर एकाखालीं एक दिसतात: रंग, पांढरा लेप, माती.

मातींतही एक नवल निघालें. वेरूळच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आहेत, असें पुरातत्त्व खात्याचे मॅनेजर सिंग व वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनीं २०१६ मध्यें प्रसिद्ध केलें. आणि कीड न लागण्याचें श्रेय त्यांनीं त्या तंतूंना दिलें. अजिंठ्याच्या गिलाव्यांत भांग नाहीं. तेथें तूस व गवत आहे, आणि तें किडे आंतून पोखरतात. वर चित्र तसेंच दिसत राहतें, पण बोटानें हलकेंच वाजविलें तर भिंत पोकळ बोलते.