किनाऱ्याकिनाऱ्याने, दोघं एका गाडीवर

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मागच्या बैठकीनंतर चहा पिताना मी सहज बोलून गेलो की आम्ही दोघं मोटारसायकलवरून कोकण किनारा फिरून आलो. संयोजकांनी तिथल्या तिथे वहीत माझं नाव लिहून टाकलं. या खोलीत मी आजवर पोटगी, मुलींचं शिक्षण, जातपंचायत असल्या विषयांवर बोललो आहे. प्रवासावर बोलायची ही पहिलीच वेळ. फोटो आणलेले नाहीत. ही समोरच बसली आहे, त्यामुळे वाढवून काही सांगता येणार नाही.

आधी गाडीविषयी. दीडशे सीसीची, अकरा वर्षं वापरलेली गाडी आहे. ही परिचारिका होती. रात्रपाळ्यांसाठी तिने मुंबईत वीस-बावीस वर्षं स्कूटर चालवली. गियरची गाडी शिकली ती मात्र पन्नाशीनंतर, आणि शिकवणारा मी नव्हे, शेजारचा पोरगा. मी शिकवायला गेलो होतो, पण दोन दिवसांत आमचं भांडण झालं. निवृत्तीनंतर असं ठरलं की मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत जायचं, महामार्गाला शिवायचं नाही, आणि गाडी निम्मी-निम्मी चालवायची. दुपारच्या जेवणापर्यंत मी, जेवणानंतर ती. मुलगा म्हणाला, "अब्बा, रेल्वे आहे, एसटी आहे, वय काय तुमचं?" माझं एकसष्ट, हिचं सत्तावन्न.

भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत चढवली आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. माझे आजोबा मुंबईहून गावी बोटीने जायचे. बोट दाभोळला लागायची, तिथून पुढे पडाव, मग पायी. आमच्या घरात 'बोट बंद झाली' हे वाक्य एखाद्या माणसाच्या मृत्यूबद्दल बोलावं तसं बोललं जायचं. नंतर आम्ही गावी जायचो ते रात्रीच्या एसटीने, लग्नाला नाहीतर मयतीला. आमचं गाव समुद्रापासून पाच किलोमीटरवर, पण लग्नानंतरच्या तेहतीस वर्षांत हिने तो समुद्र गावाकडून एकदाच पाहिला होता, तोही एसटीच्या खिडकीतून. गावात सून समुद्रावर फिरायला जात नाही.

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असं मी शाळेत मुलांकडून पाठ करून घेत असे. गाडीवर बसल्यावर कळतं की हा किनारा सरळ नाहीच. दर काही मैलांवर खाडी आडवी येते. पूल नसेल तर जंगर, आणि जंगर चुकली तर पन्नास-साठ किलोमीटरचा वळसा. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. या चार जंगरींनी आमची सहल बांधून ठेवली होती. जंगरीवर सगळे उतरतात. बुलेटवाला, टेम्पोवाला, टोपलीतले कोंबडे, शाळेचे मास्तर, सगळे कठड्याला टेकून एकाच पाण्याकडे बघतात. माणसं बोलायला लागतात. पहिला प्रश्न गाव कुठलं आणि दुसरा आडनाव काय. आमचं आडनाव ऐकून काही जण गप्प व्हायचे. काही जण म्हणायचे, "अरे, मग तुम्ही आमच्याकडचेच की!"

कोर्लईला थांबलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याला ख्रिस्ती वस्ती आहे, आणि तिथे घराघरांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली एक वेगळीच भाषा बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. एक आजी नातवाला ओरडत होत्या, आम्हाला एक शब्द कळला नाही. मग आमच्याकडे वळून स्वच्छ आगरी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "पानी हवं का?" आमच्या घरीही असंच आहे. आम्ही आपसात कोकणी बोलतो, शाळेत मराठी, निकाहाच्या कागदावर उर्दू. मुंबईत लोक मला अजून विचारतात की तुमची मराठी इतकी चांगली कशी.

दिवेआगर-श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्यांत मोकळं आकाश दिसत होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथली झाडं रांगेने पडली. सुपारी उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षं घेते, त्यामुळे नव्या रोपांमधून चालताना मालक दाखवत होते की हे अमक्याचं लग्न, हे तमक्याचं शिक्षण.

एक गोष्ट सांगायची की नाही याचा विचार करत होतो. एके ठिकाणी फोनवर खोली मिळाली. पोहोचलो, वहीत नावं लिहिली, आणि खोली एकाएकी 'आधीच दिलेली' निघाली. अंधार पडत आला होता. चार घरं सोडून दुसऱ्या घरी विचारलं. तिथल्या काकूंनी वही नंतर, आधी पाणी दिलं आणि रात्री आमसुलाचं सार वाढलं. मी मात्र पुढचे दोन दिवस पहिल्या घरावरच बोलत होतो. हेल्मेटमधून ओरडून बोलत होतो. ही मागून म्हणाली, "काकूंच्या साराचं पण बोला कधीतरी."

हर्णैला संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव बघितला. मग दापोलीजवळच्या मुरुडला मुक्काम केला. हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. मी निवृत्त मास्तर, मला राहवलं नाही. समुद्रावर बसून मी हिला सगळं सांगितलं. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, आणि नंतर ती दोघं याच मुरुडला आली तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकलं. पुण्यात सुधारक होणं सोपं असतं, स्वतःच्या गावात शिरणं अवघड, अशा अर्थाचं मी बरंच बोललो. चांगलं बोललो. तासभर तरी. ही भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दाभोळला जंगरीची वाट बघत असताना किनाऱ्यावरची ती काळ्या दगडाची जुनी मशीद बघून आलो. विजापूरच्या काळातली, सतराव्या शतकातली. समोर वाशिष्ठी. हीच नदी वर चिपळूणला जाते, आणि चिपळूणजवळ मिरजोळी, हमीदभाईंचं गाव. जंगरीवर मी तेही सांगितलं. गुहागरला जेवलो. जेवणानंतर हिची पाळी.

गुहागरच्या पुढे रस्ता वर चढतो आणि जांभ्याच्या सड्यावर येतो. वर काही नाही, नुसता कातळ, वाळलेलं गवत आणि वारा. मग एका वळणावर रस्ता खाली उतरतो, तिथे माडांचे शेंडे आणि मशिदीचा मिनार दिसतो. ते माझं गाव. ही गाडी मजेत चालवत होती, गुणगुणत होती. त्या वळणाच्या अलीकडे मी हिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "थांब जरा. तुझा हात दुखत असेल. उतार वाईट आहे. दे, मी घेतो."

हात दुखत नव्हता. उतार त्यापेक्षा वाईट आम्ही चार दिवसांत दहा उतरलो होतो, त्यातले निम्मे तिने. तिने गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, ओढणी नीट केली, आणि मागे बसली. काही बोलली नाही. मी गाडी चालवत गावात शिरलो. मशिदीच्या कट्ट्यावर चार जण होते, त्यांना सलाम केला. घरासमोर गाडी उभी केली. फुफी पडवीत बसलेली. तिला मोतीबिंदूमुळे कमी दिसतं. तिने विचारलं, "मुंबईपासून गाडी कोणी हाकली?" चुलतभावाने परस्पर सांगितलं, "दुसरं कोण? यानेच." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

दोन रात्री राहिलो. तांदळाची भाकरी, सुकट, कुवेतहून आलेल्या पुतण्याच्या लग्नाची बोलणी. आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांना कुलूप आहे, मालक आखातात. टाइल्स लावलेली घरं आणि दाराला वाळवी. निघालो तेव्हा ही आपणहून मागे बसली. गावाबाहेर पडलो, सडा चढलो, मी गाडी थांबवली आणि चावी पुढे केली. ती म्हणाली, "सकाळची पाळी तुमची."

तवसाळला जंगर नुकतीच सुटली होती. पुढची येईपर्यंत जेट्टीवर बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मुरुडला ते कर्व्यांचं काय सांगत होतात?"

तुमच्यापैकी अनेकांनी मला व्यासपीठावर ऐकलं आहे. मला उत्तराची कमतरता पडत नाही. तिथे पडली. मी म्हटलं, लोक काय म्हणतील याची भीती वाटली. ती म्हणाली, "भीती वाटली तर भीती म्हणायचं. मी दिलीच असती चावी. माझा हात दुखतोय असं का म्हणालात?" मग सांगितलं की नोकरीत असताना डॉक्टर मंडळी चूक त्यांची असली की 'सिस्टर, तुम्ही दमला आहात' म्हणायची, तोच सूर मी लावला होता. हे मला अजून बोचतं. खोटं बोललो, आणि काळजीच्या भाषेत बोललो.

पुढचा किनारा मी तुम्हाला सांगत बसत नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं. रत्नागिरीत थिबाचा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. आपला बहादूरशहा जफर तिकडे रंगूनला आणि तो इकडे. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण. देवगडच्या अलीकडे चेन सैल झाली. खारी हवा आणि लाल धूळ चेनला खाते, रोज संध्याकाळी पुसून तेल द्यावं लागतं, हे आम्ही दोन दिवस विसरलो होतो. तेरेखोलच्या किल्ल्यापाशी गोव्यात पोहोचलो. परत आंबोलीवरून घाटमाथ्यावर जायचं ठरलं होतं. मी म्हटलं, आल्या वाटेने जाऊ. दोन दिवस जास्त लागले. का ते तिने विचारलं नाही.

जयगडला जेवलो, तवसाळला उतरलो. दुपार झाली होती, म्हणजे पाळी तिची. सड्यावरच्या त्या वळणावर तिने गाडी हळू केली. माझ्यासाठी का खड्ड्यासाठी, माहीत नाही. मी काही बोललो नाही. माझ्या पोटात गोळा आला होता, हे खरं.

काय झालं? कट्ट्यावर तेच चार जण होते. मागे बसून सलाम करताना हात कुठे ठेवावा कळत नाही. एका म्हाताऱ्याने गाडी थांबवायला लावली, मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्याने हिला विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" ती म्हणाली, "पंचेचाळीस." तो म्हणाला, "बरी आहे." फुफीला मी सांगितलं की मागच्या वेळीही वळणापर्यंत हिनेच आणली होती. फुफी म्हणाली, "मग त्या दिवशी गप्प का बसलास?"

पण सगळं असं गोड झालं नाही. चुलतभाऊ रात्री जेवायला बसला नाही. नंतर मला माडाखाली बोलावून म्हणाला, "तुमच्या शहरात चालतं रे. इथे आमच्या मुली बघतात." त्याच्या दोन मुली आहेत. धाकटी बारावीला आहे. खाडीपलीकडच्या कॉलेजचं नाव काढलं की घरात वाद होतो, कारण जायला नीट बस नाही. मी त्याला म्हटलं की बघू देत की. तो उठून गेला. सकाळी आम्ही निघताना ती धाकटी फाटकात उभी होती. हिने तिला क्लच कुठला, ब्रेक कुठला ते दाखवलं. दोन मिनिटं, गाडी बंद ठेवून. चुलतभाऊ पडवीतून बघत होता.

त्याने तेव्हापासून मला फोन केलेला नाही. दोनदा मी केला, उचलला नाही. पुतण्याच्या लग्नाला एप्रिलमध्ये जायचं आहे. गाडीने जायचं की रेल्वेने, यावर आमच्या घरी अजून बोलणं चालू आहे. ही गाडीने म्हणते.

मी इथे थांबतो. जंगरीच्या वेळा, राहण्याच्या जागा याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. गाडीबद्दलचे प्रश्न हिला विचारा.