तत्त्वज्ञांची विश्वपरिषद आणि आशिया



तत्त्वचिंतन ही एकांतातील साधना, असा आपला सर्वसाधारण समज. परंतु 1900 साली पॅरिसच्या विश्वप्रदर्शनाच्या निमित्ताने पहिली आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान परिषद भरली आणि तेथे तरुण बर्ट्रांड रसेल यांची गाठ इटालियन गणिती पेआनो यांच्याशी पडली. पेआनोंची चिन्हपद्धती रसेल यांनी तत्परतेने आत्मसात केली. विसाव्या शतकातील तर्कशास्त्राचा केवढा तरी विस्तार या एका भेटीशी जोडलेला आहे!

पुढे जिनीव्हा, हायडेलबर्ग, बोलोन्या अशा परिषदा झाल्या. 1915 ची लंडन येथील नियोजित परिषद मात्र महायुद्धाने गिळली. कालचे सहचिंतक शत्रुराष्ट्रांचे नागरिक ठरले. 1924 मध्ये नेपल्सला परिषद पुन्हा भरली, तेव्हा तेथे सुरेंद्रनाथ दासगुप्त होते. दोनच वर्षांनी हार्वर्डला डॉ. राधाकृष्णन. म्हणजे भारतीय विचार या व्यासपीठावर शतकापूर्वीच पोहोचला होता. यजमानपद तेवढे युरोप-अमेरिकेबाहेर पडेना. स्वतःला विश्वपरिषद म्हणविणाऱ्यांना आशियात यावयास 2008 साल उजाडले, तेही सेऊलला. 2018 मध्ये बीजिंगने यजमानपद भूषविले आणि परिषदेचा विषयच ठेवला ‘माणूस होण्यास शिकणे’. कन्फ्यूशियसची छाया त्यावर स्पष्ट होती.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडावे, मगच आपला सिद्धान्त सांगावा, ही पूर्वपक्षाची शिस्त आपल्या शास्त्रकारांची. या देशात ही परिषद आजवर एकदाही भरलेली नाही. 2024 ची रोमला झाली. 2028 ची टोकियोला ठरली आहे.