विळ्या-खुरप्याचं पाणी

खुरपणीचे दिवस आलेत, म्हणून आज खुरप्याबद्दलच बोलू.

मागच्या हंगामात आमच्या गटाने बचतीतून १२ खुरपी घेतली. त्यातल्या दोनांच्या मुठी तडकल्या. मोडकं लाकूड निघेना, म्हणून आम्ही ती चुलीत घातली. लाकूड जळून गेलं, खुरपी रात्रभर राखेत राहिली. नवी मूठ बसवली, तर दोन दिवसांत पाती वाकली, धार टिकेना. आम्ही जाऊन दुकानदाराशी भांडलो. लोहारदादांनी मात्र पातं बघूनच विचारलं, "ताई, हे विस्तवात कुणी घातलं?"

पोलादात कार्बनचा, म्हणजे कोळशातल्याच घटकाचा, थोडा अंश असतो. पातं लालभडक, सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून झटकन पाण्यात बुडवलं, की तो कार्बन आतल्या आत अडकतो आणि पातं कडक होतं. यालाच आपण पाणी पाजणं म्हणतो. साध्या सळईत कार्बन फार कमी, तिला कितीही पाणी पाजा, पाहिजे तशी कडक होत नाही. म्हणून लोहार गाडीच्या कमानीचा जुना पाटा शोधतो.

पण नुसतं पाणी पाजलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. दगडाला लागलं की टवका उडतो. म्हणून ते घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हलकं तापवतात, २०० ते ३०० अंश. तिथे थर्मामीटर कुठला? रंग बघायचा. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक, निळ्यापर्यंत नेलं तर पातं चिवट. क्षणभर नजर हटली की रंग पुढे सरकतो. हे काम बघण्यासारखं आहे, पोरींनाही घेऊन जा.

चुलीतला जाळ याच्या कितीतरी पुढे जातो. तिथे पाणी उतरतं, पातं मऊ पडतं. मशीनवर धार लावतानाही कड निळी पडली तर तेवढ्या जागेचं पाणी गेलं समजा. धार लावणाऱ्याला पातं सारखं पाण्यात बुडवायला सांगा. आणि मोडकी मूठ जाळू नका, छिन्नीने फोडून काढा.

लोहारदादांनी आमच्या दोन्ही खुरप्यांना पुन्हा पाणी पाजलं. एकाला बुडवताच चीर गेली. दुसरं अजून चालतंय. दुकानदाराकडे मात्र आम्हाला परत जावं लागलं, चूक आमची होती हे सांगायला.