वाढ का खुंटते?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे, वैद्य नव्हे. पुस्तके चाळून आणि डॉक्टरांना विचारून जे कळले तेवढेच सांगतो. संघटनेत ‘कामचुकार’ हा शब्द आम्हांला फार ऐकावा लागतो. त्यामागे कधी कधी आजार दडलेला असतो, म्हणून हा विषय.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. तिच्यातून वाढीचे संप्रेरक रक्तात उतरते. ते मुलांची उंची वाढवते आणि मोठ्यांचे स्नायू, हाडे व उमेद राखते.

मुलांत ते कमी का पडते? पुष्कळदा कारण सापडत नाही. कुणाची ग्रंथी जन्मतःच नीट घडलेली नसते, कुणाच्या ग्रंथीजवळ गाठ होते. काही घराण्यांत दोष वारशाने येतो. मेंदूचा हुकूमच ग्रंथीला पोचत नाही, असा एक जनुकदोष 1996 साली एका भारतीय कुटुंबात दाखवला गेला. 2005 साली पश्चिम भारतातल्या मुलांतही तो नोंदला गेला. आईबाप दोघांकडून हा दोष आला तरच मूल खुजे राहते. म्हणून नात्यातल्या लग्नांत धोका अधिक.

मोठ्यांत ग्रंथीवरची गाठ, तिची शस्त्रक्रिया, किरणोपचार, डोक्याला जबर मार ही कारणे. आणखी दोन आपल्या सिंदखेडराजा तालुक्यातल्या कष्टकऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावीत. बाळंतपणात फार रक्त गेले, तर ग्रंथी निकामी होऊ शकते. मग आईला दूध येत नाही, पाळी परतत नाही. शीहान यांनी 1937 साली हे मांडले. दुसरे कारण घोणस. तिच्या विषाने ग्रंथीला इजा होते. माणूस वाचतो, पण पुढे कायमचा थकलेला राहतो. अशा वेळी इतर संप्रेरकेही आटतात, आणि ते जिवावर बेतू शकते.

मात्र प्रत्येक ठेंगणे मूल संप्रेरकाविना नसते. कुणाचे आईबापच ठेंगणे, तर कुणाला पोटभर अन्न नाही. भाकरीची उणीव इंजेक्शनाने भरून निघत नाही.

मग करावे काय? शाळेच्या भिंतीवर खुणा करून दर सहा महिन्यांनी उंची मोजा. चार वर्षांपुढचे मूल वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. हाडांची टोके जुळून गेल्यावर उंचीसाठी उपचार चालत नाही. मोठ्यांनी जुना सर्पदंश, अवघड बाळंतपण, डोक्याची इजा डॉक्टरांना आपणहून सांगावी. आणि थकलेल्या माणसाला कामचुकार ठरवण्याआधी मुकादमाने, मालकाने आणि आपण सर्वांनी एकदा विचारावे : बाबा रे, तुला झाले होते काय?